चालू स्थितीत

न येणाऱ्या आवाजाचा फोटो कसा काढतात, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मला ते २०१२ साली कळलं असतं तर माझे चार हजार दीडशे रुपये वाचले असते. ऑनलाइन लिलावाच्या त्या संकेतस्थळावर तक्रारीचा एक फॉर्म होता. 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या चौकोनात टिचकी मारली की खाली रकाना उघडायचा: 'दोष स्पष्ट दिसेल असा फोटो जोडा.' माझ्या वस्तूचा दोष दिसण्यातला नव्हताच. दिसायला ती देखणी होती. म्हणून तर फसलो.

वस्तू म्हणजे टू-इन-वन. नव्या पिढीसाठी सांगतो, रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत वाजायचे, आणि एवढ्यावर माणसं सुखी असायची. आमच्या वाड्यात पहिला टू-इन-वन १९८२ साली आला. समोरच्या बिऱ्हाडाचा जावई आखातातून आला होता, त्याच्याबरोबर. जावई काळा की गोरा हे आजही वाड्यातल्या कुणाला सांगता येणार नाही, पण त्या पेटीला स्पीकर दोन होते, कडा चांदीच्या रंगाच्या होत्या आणि आवाजाबरोबर लाल दिवे खालीवर नाचायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. मी आणि धाकटा भाऊ त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून ते दिवे बघायचो. एकदा धाकट्याने पेटीच्या बटणाला बोट लावलं. मार मला बसला, कारण मोठा मी.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की तीस वर्षांनी रात्री साडेनऊ वाजता संगणकाच्या पडद्यावर तीच पेटी दिसल्यावर शहाणासुरता, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब चोख ठेवणारा माणूस असा का वागला, त्याचा थोडा तरी उलगडा व्हावा. 'दुर्मिळ जपानी टू-इन-वन. एक्सलंट वर्किंग कंडिशन. विथ ओरिजिनल जॅपनीज स्टिकर.' सोबत सहा फोटो. पाच समोरून, सहावा मागून आणि जरा हललेला. सुरुवातीची बोली ९९९ रुपये.

या लिलावांची स्वतःची एक बोली असते, आणि ती रुपयांत नसते. एका कॅमेऱ्याबद्दल 'मिंट कंडिशन' पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला पुदिन्याचा वास येत असावा, अशी माझी समजूत झाली होती. मिंट म्हणजे टांकसाळ, नुकत्या पाडलेल्या नाण्यासारखी वस्तू, हे मागाहून समजलं. 'किरकोळ ओरखडे' याचा अर्थ फोटो सगळे एकाच बाजूने काढले आहेत. 'दुर्मिळ' म्हणजे या आठवड्यात अशा आणखी अकराच विकायला आहेत. 'माहीतगारासाठी उत्तम' म्हणजे तीन माहीतगार हात टेकून गेले. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'अनटेस्टेड'. माणसाच्या घरात वीज आहे, भिंतीला प्लग आहे, स्वतःला दोन हात आहेत, फोटो काढायला अख्खा रविवार आहे, पण ती वायर त्या प्लगात घालून बघण्याइतकी उसंत बिचाऱ्याला मिळालेली नाही!

खरं तर या धंद्याची बोहनी फार सचोटीने झाली होती. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली पुढे ईबे म्हणून गाजलेली लिलावाची साइट काढली, तेव्हा पहिली वस्तू विकली गेली ती एक मोडका लेझर पॉइंटर. किंमत आली १४.८३ डॉलर. ओमिड्यार चकित झाले. त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं, 'अहो, तो मोडकाय हे वाचलंत ना?' त्यावर उत्तर आलं, 'मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.' मोडकी वस्तू मोडकी म्हणून विकली आणि मोडकी म्हणून घेतली! असा व्यवहार त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाही.

एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आहेत, जॉर्ज ॲकरलॉफ. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला काहीच नसतं, आणि त्याने बाजाराची कशी वाट लागते यावर त्यांनी १९७० साली एक लेख लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, म्हणून लेखाच्या नावातही लिंबंच आहेत. आपल्याकडे गाडी खराब निघू नये म्हणून पुढे लिंबू टांगतात. हा लेख मी लिलावाआधी वाचला होता. कॉलेजात त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही सोडवला होता. काही उपयोग झाला नाही.

लिलाव गुरुवारी रात्री साडेदहाला संपायचा होता. सव्वादहापर्यंत मी एकटाच होतो, बोली ९९९ वर निवांत पडली होती. दहा एकोणीसला कुणी तरी १,०४९ लावले. नावं झाकलेली असायची, पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं दिसायचं. हा होता 'व्ही*९'. मी १,०९९ लावले. त्याने ११४९. मी २,०००. त्याने २,०५०. या माणसाचा मला आयुष्यात कुणाचा आला नसेल इतका राग आला. पन्नास-पन्नासने वर चढणारा माणूस किती कोत्या मनाचा असेल! पुढचं सगळं ओघाने झालं. दहा सत्तावीसला आम्ही ३,५०० च्या पुढे होतो.

"अहो, पण आपल्याला तो हवाय का?" बायकोने विचारलं.

"आता प्रश्न हवा-नकोचा राहिलेला नाही."

"मग कसला राहिलाय?"

"तो व्ही आहे ना, त्याचा."

दहा एकोणतीस मिनिटं पन्नास सेकंदांनी मी ४,१५० चा आकडा घातला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं: 'अभिनंदन! आपण जिंकलात!' पैसे भरायला लागण्याच्या प्रसंगाला 'जिंकणं' म्हणायचं, हे ज्याने शोधून काढलं त्याला माझा नमस्कार आहे.

पार्सल आठ दिवसांनी आलं. बिस्किटांचा खोका, त्यावर एवढी चिकटपट्टी की आत ममी असावी. कात्री, मग सुरी, मग खिळे उपटायचा अंबूर, अशी पायरीपायरीने शस्त्रं वाढवत मी आत पोचलो. पेटी निघाली. तीच. चांदीच्या कडा, दोन स्पीकर, दिव्यांची खिडकी. वरच्या बाजूला लालपिवळं जपानी अक्षरांचं स्टिकरही होतं, अगदी वर्णनाप्रमाणे. हलवल्यावर आत काही तरी खुळखुळलं. पण माझंही वय झालंय, मीही जिना चढताना खुळखुळतो, असं म्हणून सोडून दिलं. वायर मात्र आलेली नव्हती. वर्णनात वायर आहे असं म्हटलंच नव्हतं. घरात जुन्या प्रिंटरची एक वायर होती. ती मागच्या भोकात चपखल बसली.

चपखल बसणाऱ्या गोष्टींवर माणसाने इतका विश्वास ठेवू नये. बटण दाबलं. पेटी गुणगुणली. स्पष्ट गुणगुणली, दळणाच्या चक्कीसारखी. लाल दिवे एकदम वरपर्यंत गेले. मी बायकोला हाक मारली, "बघ, बघ!" ती येईपर्यंत दिवे विझले होते आणि खोलीत फोडणी करपल्याचा वास पसरला होता.

"छान आहे," ती म्हणाली. "वास कसला येतोय?"

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास अजूनही अशी माणसं आहेत, की जी कुठल्याही पेटीचं झाकण उघडताना 'च्' करतात, आणि त्या एका 'च्'मध्ये निदान, खर्च आणि गिऱ्हाइकाच्या अकलेचं मोजमाप असं तिन्ही असतं. त्यांच्यातल्या एकाकडे माझ्या पेटीला दोनदा 'च्' झालं.

"काका, हा मेला नाही. मारलाय."

"कुणी?"

त्याने पेटी उलटी करून मागच्या पट्टीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: १०० व्होल्ट. जपानात घरोघरी वीजच तेवढी येते. आपल्या भिंतीत २३०. आखातातून येणाऱ्या पेट्यांना व्होल्टेज बदलायचा खटका असायचा, हिला नव्हता, कारण ही जपानातच राहायला म्हणून जन्मली होती. पट्टी सहाव्या फोटोत होती. त्या हललेल्या.

"म्हणजे चूक माझी?"

"थांबा, वाटणी करू," तो म्हणाला. इतका न्यायी माणूस मी कुठल्या कचेरीत पाहिलेला नाही. "सेल आत फुटून सडलेत, ही हिरवी पावडर बघा, हे पाप त्याचं. टेपचे रबरी बेल्ट वितळून डांबर झालंय, तेही त्याचंच, निदान वयाचं. ट्रान्सफॉर्मर तुमचा. आणि एफएमचं पाप कुणाचंच नाही."

एफएमचं असं, की डायलवर आकडे ७६ पासून ९० पर्यंतच होते. जपानातली पट्टी तेव्हा तेवढीच होती. आपली ८८ ते १०८. आकाशवाणीचं पुण्यातलं एफएम लागतं १०१ वर. म्हणजे पेटी ठणठणीत असती, व्होल्टेज बरोबर असतं, तरी पुणे स्टेशन लावायला काटा डायलच्या बाहेर काढून टेबलावर अकरा घरं पुढे न्यावा लागला असता.

दुरुस्तीला तो तयार होता. साडेतीन हजार म्हणाला. मी पेटी रिक्षात घालून घरी आणली आणि तक्रार नोंदवली.

विकणारा दूरच्या एका शहरातला होता. त्याचं नाव, गाव मी सांगणार नाही, कारण त्याने मला शेवटपर्यंत 'रिस्पेक्टेड सर' म्हटलं. भांडताना आदर न सोडणाऱ्या माणसाशी भांडणं अतिशय अवघड असतं. पुणेकराला तर अशक्यच.

मी लिहिलं: कॅसेट चालत नाही. तो: रिस्पेक्टेड सर, वर्किंग कंडिशन लिहिलं होतं, कॅसेट वर्किंग असं लिहिलं नव्हतं. मी: एफएम लागत नाही. तो: सर, एफएम आहे असं लिहिलंय. कुठलं, ते कुठे लिहिलंय? मी: व्होल्टेज सांगायला हवं होतं. तो: सर, फोटो क्रमांक सहा. मी: तो हललाय. तो: सर, पेटी जड आहे.

हा माणूस वकिलीत गेला असता तर कितीतरी खुनी आज मोकळे फिरले असते.

अखेर संकेतस्थळाचे मध्यस्थ मध्ये पडले. हे मध्यस्थ म्हणजे कोण, स्त्री की पुरुष, एक की अनेक, शेवटपर्यंत कळलं नाही. दर बारा तासांनी निरोप यायचा आणि त्याखाली दर वेळी निराळं नाव असायचं. प्रत्येक जण सुरुवातीला माझ्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर असायचा आणि मग पहिल्यापासून सगळं विचारायचा. फोटो मागितला. मी पेटीचा फोटो पाठवला. 'यात वस्तू सुस्थितीत दिसत आहे,' असं उत्तर आलं. मी जवळून काढलेला स्पीकरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'यातून आवाज येत नाही.' त्यांनी कळवलं, फोटोतून आवाज येत नसतोच, व्हिडिओ पाठवा.

तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढणं आणि तो नेटवर चढवणं हे रात्रभराचं काम होतं. मी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, प्ले दाबलं, काटा इकडून तिकडे फिरवला आणि एक मिनिट चाळीस सेकंद भरीव शांतता चित्रित केली. सकाळी सहा वाजता ती चढून पूर्ण झाली. पुरावा आता निर्विवाद होता.

दुपारी विकणाऱ्याचं उत्तर आलं. 'रिस्पेक्टेड सर, व्हिडिओ पाहिला. एक मिनिट बारा सेकंदाला लेडीज अनाउन्सरचा आवाज क्लिअर येतो आहे.'

मी घाईने व्हिडिओ लावला. एक मिनिट बारा सेकंदाला, स्वयंपाकघरातून, सुस्पष्ट उच्चारांत आवाज आला: "आता पुरे झालं. पानं घेतली आहेत."

मी मध्यस्थांना लिहिलं, ती अनाउन्सर नाही, माझी पत्नी आहे. पत्नी रेडिओत नव्हती. ती घरात होती. आम्ही जेवायला बसत होतो. चोवीस तासांनी निकाल आला: 'आपण सादर केलेल्या ध्वनिचित्रफितीची आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे. वस्तूतून ध्वनी निर्माण होत असल्याचे आढळले. तक्रार बंद करण्यात येत आहे. आपला अनुभव कसा वाटला? एक ते पाच तारे द्या.'

घरात या निकालाची प्रतिक्रिया मला अपेक्षित होती तशी उमटली नाही. बायको दोन दिवस हसतमुख होती. लग्नाआधी तिने खरोखरच आकाशवाणीला निवेदिकेची आवाजचाचणी दिली होती आणि निवडीचं पत्र पुढे कधी आलं नव्हतं. "तज्ज्ञांनी तपासलंय म्हणे," ती शेजारी फोनवर सांगत होती. "क्लिअर आहे असं लेखी दिलंय."

आता माझ्या हाती एकच शस्त्र उरलं होतं, शेरा. व्यवहार संपला की एकमेकांना शेरा द्यायचा: हिरवा, करडा किंवा लाल. सोबत ऐंशी अक्षरांत कारण. ईबेने २००८ साली गिऱ्हाइकाला लाल शेरा द्यायची विकणाऱ्याची मुभाच काढून घेतली. आमच्या संकेतस्थळावर दोघांनाही परस्परांचं तोंड रंगवायची सोय होती, त्यामुळे सगळे एकमेकांना भिऊन हिरवेगार असत. मी भिणार नव्हतो. शिवाय ऐंशी अक्षरं! ज्या गावात जिन्याखालच्या पाटीवर चार शब्दांत पाहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, त्या गावच्या माणसाला ऐंशी अक्षरं म्हणजे कादंबरी. तरी दोन रात्री घालवल्या. सतरा खर्डे फाडले. अखेरीस दहा अक्षरांतच काम झालं. 'रेडिओ बंद. मालक चालू.'

लाल शेरा लागला. आता तोही मला लाल करणार, या तयारीने मी बसलो होतो. संध्याकाळी पाहतो तो माझ्या नावापुढे हिरवा! 'गुड बायर. फास्ट पेमेंट.' आणि माझ्या लाल शेऱ्याखाली त्याचा खुलासा, तोही ऐंशी अक्षरांच्या आत: 'सर चुकीची वीज वापरली.' वर्षानुवर्षं नेमाने विजेचं बिल भरणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल!

पेटी माळ्यावर गेली. दिवाळीत भाची आली. पुण्यात दर दोन घरांआड कुणी ना कुणी जपानी शिकत असतं, आमच्या घरी ती शिकते. फराळाचं ताट संपेपर्यंत मी दम धरला आणि मग पेटी खाली काढली. "बाकी काही असो, हे स्टिकर मात्र अस्सल आहे. काय लिहिलंय बघ."

तिने चष्मा वर केला. अक्षरांवरून बोट फिरवलं. "जान्... कु." मग खुदकन हसली. "मामा, हे जपानी नाहीच. त्यांच्या लिपीत इंग्रजी शब्द लिहिलाय. जंक."

"म्हणजे?"

"जंक म्हणजे जंक. तिकडे जुन्या मालाच्या दुकानांत आणि लिलावांत असं स्पष्ट लिहितात. चाललं तर तुमचं नशीब, तक्रार करायची नाही, परत आणायचं नाही. आणि खाली किंमत आहे. ५०० येन."

तेव्हाचे साडेतीनशे रुपयांच्या आत. मी वर्णन पुन्हा काढून वाचलं. त्यात शंभर टक्के खरं असं एकच वाक्य होतं, आणि ते म्हणजे 'विथ ओरिजिनल जॅपनीज स्टिकर'.

जानेवारीत माळा साफ करायचं निघालं. भंगारवाला पेटीचे चाळीस रुपये देत होता. मला ते पटेना. म्हणून मीच ती त्याच संकेतस्थळावर विकायला लावली. प्रामाणिकपणे. वर्णनात लिहिलं: 'बंद आहे. सेल सडलेले, बेल्ट वितळलेले, ट्रान्सफॉर्मर मी स्वतः जाळला आहे. एफएम भारतात लागत नाही.' वाचून पाहिलं तर शवविच्छेदनाचा अहवाल वाटला. आधी ट्रान्सफॉर्मर काढला, कारण घरगुती गोष्टी चारचौघांत कशाला? बेल्ट सगळ्याच जुन्या पेट्यांचे वितळतात, ते सांगण्याजोगं नाही. एफएमचं पाप तर कुणाचंच नव्हतं. 'बंद आहे' हेही तपासून बघायला हवं होतं, पण ती जळल्यापासून मी वायर लावली नव्हती. म्हणून सचोटीला जागून लिहिलं, 'अनटेस्टेड'. खाली जागा उरली तिथे 'दुर्मिळ'. आणि एक वाक्य मूळच्या वर्णनातलं जसंच्या तसं उचललं, कारण ते निखालस खरं होतं. फोटो सहा काढले. सहावा हलला. पेटी जडच आहे.

शेवटच्या रात्री बोली १,२०० वर होती. दहा वाजून वीस मिनिटांनी १,२५० झाली. नाव पाहिलं: 'व्ही*९'. अंगावर शहारा आला. तोच कोत्या मनाचा! १,३००. १,३५०. दुसरा कोणी तरी ढिला पडला आणि तो एकटाच पुढे राहिला. मी हात चोळत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून धाकटा.

"दादा, झोपला नाहीस ना? एक गंमत सांगायची होती. आपल्या वाड्यातला तो टू-इन-वन आठवतो?"

"कुठला?" मी म्हणालो.

"अरे, लाल दिव्यांचा! ज्याच्यापायी तू मार खाल्लास. तसाच एक लिलावात सापडलाय. मागच्या वर्षीही एक आला होता, पण कुणी तरी येडा अडून बसला, चार हजारांच्या वर गेला. आज तो येडा नाहीये. दोन मिनिटं राहिलीत. म्हटलं, मिळाला की तुलाच पाठवायचा, त्या माराबद्दल."

पडद्यावर सेकंद धावत होते.

"काय रे, बोलत का नाहीस? दादा? पेटी एकदम झकास आहे. वर ओरिजिनल जपानी स्टिकरसुद्धा आहे!"